हवेची बंदूक घेताना

नागपूरच्या धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स यांसारख्या जुन्या वस्त्यांत, जेथे घराभोवती थोडी मोकळी जागा, एखादे आंब्याचे वा पेरूचे झाड आणि मागील दारी भाजीचे दोन वाफे राखण्याची ऐपत व हौस काही कुटुंबांत अद्याप टिकून आहे, तेथे हवेची बंदूक विकत घेण्याचा विचार बहुधा दोन वाटांनी येतो. ऑलिंपिकमधील नेमबाजी पाहून घरातील मुलाने किंवा मुलीने हट्ट धरलेला असतो, ही पहिली वाट. आणि पाडाला आलेले आंबे वानरांनी ओरबाडले, पेरू पोपटांनी कुरतडले, पेरलेले दाणे खारींनी उकरून नेले, म्हणून घरातले वडीलधारे माणूस जेरीस आलेले असते, ही दुसरी. दुकानापर्यंत पोहोचताना हे दोन्ही हेतू एकमेकांत मिसळून जातात, आणि मुलाला नेमही शिकता येईल व बागेचाही बंदोबस्त होईल अशा समजुतीने मध्यम किमतीची एक बंदूक घरात येते. या दोन हेतूंची फारकत दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच झाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पहिल्या हेतूसाठी उत्तम साधन आज आपल्याच देशात तयार होते व माफक दामात मिळते, तर दुसऱ्या हेतूच्या बाबतीत बंदूक हे साधन कायदा, उपयोग आणि भूतदया या तिन्ही कसोट्यांवर उणे ठरते.

निवड करावयाची तर आधी त्या यंत्राची रचना समजून घेणे अगत्याचे आहे. एअर रायफल, जिला आपल्याकडे सर्रास एअरगन किंवा छऱ्याची बंदूक म्हणतात, तिच्यात दारू नसते. सारे काम दाबलेली हवा करते. सर्वाधिक खपणाऱ्या प्रकारात नळी मुळाशी मोडून खाली दाबावी लागते. त्या दाबण्याने आतील पोलादी स्प्रिंग आकसते आणि तिच्या पुढचा दट्ट्या मागे जाऊन अडकतो. नळीच्या उघड्या तोंडात अंगठ्याने शिशाचा छर्रा बसवून नळी पुन्हा सरळ केली की बंदूक सज्ज होते. चाप ओढताच अडकण सुटते, दट्ट्या वेगाने पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते, आणि तिच्या रेट्याने छर्रा नळीतील पेचदार खाचांतून स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो. यातील मर्म असे की, छर्रा नळीच्या बाहेर पडण्यापूर्वीच त्या जड दट्ट्याच्या धावेमुळे संपूर्ण बंदूक आधी मागे व लगेच पुढे हिसका घेते. म्हणून जो नवशिका तिला खांद्याशी आवळून, मुठीत घट्ट पकडून धरतो, त्याचे छर्रे कागदभर विखुरतात. आणि जो पुढचा दस्ता उघड्या तळहातावर नुसता टेकवून, प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच सैलपणाने धरतो व चाप ओढल्यावरही क्षणभर नजर हलवीत नाही, त्याचे छर्रे एकमेकांच्या शेजारी जाऊन बसतात.

या मूळ रचनेचे तीन भेद ग्राहकाने लक्षात ठेवावेत. नळी मोडून भरण्याची बंदूक स्वस्त, हलकी व दुरुस्तीला सोपी असते. नळीखालच्या दांडीने भरावयाच्या बंदुकीत नळी जागची हलत नसल्यामुळे नेमाची स्थिरता थोडी अधिक लाभते, परंतु वजन व किंमत दोन्ही वाढतात. आणि स्प्रिंगच्या जागी बंदिस्त वायूचे नळकांडे असणाऱ्या बंदुकीत धक्का वेगळ्या जातीचा, कमी थरथरीचा असतो व ती भरलेल्या अवस्थेत राहिली तरी स्प्रिंगसारखी थकत नाही. याहून निराळा चौथा वर्ग आधीच दाबलेल्या हवेची टाकी बाळगणाऱ्या बंदुकांचा. त्यांत सुमारे दोनशे बारपर्यंत दाबाची हवा भरतात, धक्का जवळजवळ जाणवत नाही, आणि मोठ्या स्पर्धांतील जवळजवळ सर्व खेळाडू आज याच वर्गातील साधने वापरतात. मात्र त्यांसाठी खास पंप किंवा सिलिंडर लागत असल्याने मध्यम ऐपतीच्या कुटुंबाच्या पहिल्या खरेदीत हा खर्च मी सुचविणार नाही. आजच्या बाजारात साधारणतः दहा ते वीस हजार रुपयांच्या पट्ट्यात स्प्रिंगची किंवा वायूच्या नळकांड्याची चांगली भारतीय बंदूक मिळते. या उद्योगाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली मुंबईत स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीने सिमेंटच्या नळांबरोबर एअर रायफलीही बनविल्या, आणि त्या अनेक जुन्या घरांतून आजही आढळतात. अलीकडे खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनविण्यात नाव कमावलेल्या महाराष्ट्रातील प्रीसीहोल या संस्थेने आपले तेच कसब नळीच्या घडणीत उतरवून देशी बंदुकीचा दर्जा वर नेला. आणि नळी हाच बंदुकीचा प्राण असल्याने ही गोष्ट ग्राहकाच्या दृष्टीने मोलाची आहे.

आता कायद्याकडे वळू. १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील २०१६ चे शस्त्र नियम यांच्या अन्वये ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० जुलांहून अधिक आहे, किंवा ज्याची नळी ४.५ मिलिमीटरहून रुंद आहे, त्याला परवाना लागतो. या दोन्ही मर्यादांच्या आतील बंदूक परवान्यावाचून घेण्याची मुभा आहे. मुभा आहे म्हणून नोंद नको, असा तिचा अर्थ कोणी करू नये. विक्रेत्याला ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा, मालाच्या अनुक्रमांकासह पक्की पावती घ्यावी, आणि ती बंदुकीइतकीच जपून ठेवावी. सणासुदीत वा निवडणुकीच्या काळात पोलीस आयुक्तालयाकडून शस्त्रसदृश वस्तू घेऊन फिरण्यास मनाई करणारे हुकूम निघत असतात. तेव्हा बंदूक घराबाहेर नेण्यापूर्वी त्याची खातरजमा करणे हे जबाबदार नागरिकाचे कर्तव्य होय.

ही २० जुलांची मर्यादा ग्राहकाला दुकानात आणखी एका प्रकारे उपयोगी पडते. खोक्यावर ऊर्जा क्वचितच छापलेली असते; ठळक अक्षरांत छापलेला असतो तो वेग, आणि तोही फुटांत. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा १० जूल होते. तोच छर्रा २८३ मीटर वेगाने निघाला की बरोबर २० जुलांची सीमा गाठली जाते. असे असता सेकंदाला हजार फूट, म्हणजे ३०५ मीटर, अशी जाहिरात करणारी परवानामुक्त बंदूक जेव्हा समोर येते, तेव्हा तो वेग अर्ध्या ग्रॅमच्या शिशाच्या छऱ्याचा असणे शक्य नाही, कारण तसे असते तर ऊर्जा २३ जुलांवर गेली असती. तो आकडा अतिशय हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने काढलेला असतो, ज्याचा नेमबाजीत फारसा उपयोग नाही. शिवाय मधोमध बारीक कंबर असलेला हा छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचू लागला की डळमळू लागतो. तेव्हा वेगाच्या आकड्याला भुलणारा ग्राहक आपले पैसे अचूकतेवर न खर्चता आवाजावर खर्च करीत असतो. ऑलिंपिकच्या दहा मीटर स्पर्धेतील लाखो रुपयांच्या रायफलींचा वेग सेकंदाला सुमारे १७५ मीटर, म्हणजे ऊर्जा अवघी साडेसात-आठ जूल असते; जर्मनीत साडेसात जुलांपर्यंतची आणि इंग्लंडात सुमारे सोळा जुलांपर्यंतची रायफल साधारण नागरिकाला पुरेशी मानली जाते. घराच्या अंगणात दहा मीटरवर कागद भेदण्यासाठी दहा-बारा जुलांची बंदूक पुरून उरते, आणि ती भरताना दंडालाही अकारण शीण होत नाही.

दुकानात बंदूक हाती घेतल्यावर पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या सावकाश पाहाव्यात. नळी मोडून पुन्हा मिटविल्यावर ती आपल्या जागी घट्ट बसते की डावी-उजवीकडे किंचित हलते, हे नळीचे टोक हलकेच दाबून अजमावावे. तेथे जराही खुळखुळा असेल तर बाकी सारे गुण व्यर्थ होत. चाप दोन टप्प्यांत ओढला जातो का, पहिला टप्पा संपल्याची जाणीव बोटाला स्पष्ट होते का, आणि दुसरा टप्पा घासत न जाता एकदम सुटतो का, हे विक्रेत्याला नमुना झाडावयास सांगून पाहावे. छर्रा न घालता चाप ओढू नये, कारण पुढे हवेची उशी नसल्यामुळे दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो व आतील वेष्टणाची, म्हणजे सीलची, हानी होते. दस्त्याची लांबी घरातील सर्वांत लहान नेमबाजाच्या हाताला जुळावी, आणि वजन तीन किलोंच्या आसपास असावे. दुर्बिणीचा मोह पहिल्या वर्षी टाळावा, हे उत्तम. घ्यावयाचीच असेल तर ती स्प्रिंगच्या उलटसुलट धक्क्याला टिकणारी व दहा मीटरवर स्पष्ट दिसेल अशी जुळविता येणारी असावी, कारण दारूच्या रायफलींसाठी बनविलेल्या दुर्बिणी या हिसक्यांनी लौकरच निकामी होतात. खाच आणि माशी यांवर, किंवा बारीक भोकातून पाहावयाच्या साइटवर, डोळ्याला जे शिक्षण मिळते ते पुढे आयुष्यभर उपयोगी पडते.

छऱ्यांची निवड ही बंदुकीच्या निवडीचाच उत्तरार्ध मानावी. सपाट तोंडाचा छर्रा कागदात गोल, स्वच्छ छिद्र पाडतो, म्हणून दहा मीटरच्या नेमासाठी तोच घ्यावा. गोल तोंडाचा छर्रा लांब पल्ल्यावर अधिक स्थिर राहतो. प्रत्येक नळीची आवड निराळी असते, तेव्हा तीन-चार प्रकारचे छर्रे आणून टेकणावर बंदूक ठेवून प्रत्येकाचे पाच-पाच बार करावेत आणि ज्याची पाच छिद्रे सर्वांत जवळ पडतील तोच प्रकार कायम करावा. मध्यम किमतीच्या बंदुकीने दहा मीटरवर ही पाच छिद्रे एक-दीड सेंटिमीटरच्या आत घातली, तर पैसे सत्कारणी लागले असे समजावे. शिसे विषारी असल्याने छर्रे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये, हा नियम मुलांकडून कटाक्षाने पाळून घ्यावा.

ज्या खेळासाठी हा खटाटोप करावयाचा, त्याची थोरवी मुलांना सांगण्याजोगी आहे. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाएवढा असतो, आणि त्यावर उभ्याने साठ बार करावयाचे असतात. याच प्रकारात अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंग येथे भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी सिडनीत अंजली भागवत या मराठी नेमबाज महिलेने ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून दाखविली होती. सुमा शिरूर व दीपाली देशपांडे यांनी त्या पिढीची परंपरा पुढे प्रशिक्षणाच्या रूपाने चालविली, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिच येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले, ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे जगज्जेतेपद पटकाविले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक आणले. श्वास रोखण्याचा क्षण ओळखणे, हृदयाच्या ठोक्यांमधली शांतता वापरणे आणि वाईट बार विसरून पुढचा नव्याने करणे, हे जे मनाचे शिक्षण या खेळात मिळते, ते पदक न मिळविणाऱ्या हजारो मुलांच्याही पदरात पडते; म्हणूनच मी या खरेदीचा पुरस्कार करतो.

आता बागेचा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. संरक्षित प्राण्यास ठार मारणे तर गुन्हा आहेच, पण त्याला जखमी करणे, पकडणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हेही शिकारीतच मोडते. मोर हा पहिल्या अनुसूचीतील पक्षी आहे. पोपटालाही कायद्याचे संरक्षण आहे. कावळा, वटवाघूळ, उंदीर व घूस हे प्राणी पूर्वी पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून नोंदलेले असत, व त्या जुन्या माहितीवर विसंबून कित्येक लोक आजही बंदूक उचलतात. परंतु २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली, ती अनुसूचीच रद्द झाली, आणि एखादा प्राणी उपद्रवी ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या अधिसूचनेपुरता, ठराविक प्रदेश व मुदतीपुरता उरला. पाळीव वा भटक्या जनावरावर छर्रा झाडणाऱ्याला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम आणि भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम आहेच. सारांश, नागपूरच्या अंगणात येणाऱ्या जिवांपैकी ज्याच्यावर निःशंकपणे बंदूक रोखता येईल असा जीव शोधू जाता हाती फारसे काही लागत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी उपयोगाचा हिशेबही जमत नाही. दहा-बारा जुलांच्या छऱ्याने वानर मरत नाही; ते जखम घेऊन निघून जाते, आणि ती जखम सडून दिवसेंदिवस तडफडत राहते. रानडुकरासारख्या जनावरावर ही बंदूक चालविणे तर निव्वळ क्रौर्य होय. चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि झाडावरच्या जिवावर नेम धरताना बंदूक वर रोखलेली असल्याने त्या वाटेत शेजाऱ्याची गच्ची, खिडकी किंवा कोणाचा तरी डोळा असतो. शिवाय ज्याला आपण उपद्रवी समजतो तो पुष्कळदा खरा कसूरदार नसतोच. संत्र्याच्या आंबिया बहारात सकाळी झाडाखाली पडलेले फळ उचलून निरखले, तर सालीवर सुई टोचल्यासारखे एक छिद्र व त्याभोवती मऊ पडू लागलेले वर्तुळ दिसते. हे काम रात्री येणाऱ्या, रस शोषणाऱ्या पतंगाचे असते, आणि दिवसा फांदीवर बसलेल्या बिचाऱ्या पक्ष्यावर त्याचा आळ येतो. पेरूत किडा निघतो तो फळमाशीचा. तिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे मिळतात. कोवळ्या फळांना कागदी पिशव्या घालणे, वाफ्यांवर जाळी ताणणे, फळ पाडाला येताच उतरविणे, वानरांना खाऊ न घालणे व उघड्यावर उष्टे न टाकणे, उंदीर-घुशींसाठी पिंजरा लावून त्यांची बिळे बुजविणे, हे उपाय मनाला बंदुकीसारखे समाधान देत नसले, तरी फळ त्यांनीच वाचते. संत्र्याच्या किडीविषयी अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा सल्ला घेता येतो, आणि जखमी वा अडकलेल्या वन्यजिवासाठी सेमिनरी हिल्सवर वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

या प्रसंगी एका थोर पक्षिशास्त्रज्ञाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मुंबईत मामाच्या घरी वाढलेल्या सलीम अलींनी लहानपणी आपल्या छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसल्यामुळे ते चकित झाले, आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना तो पक्षी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठविले. मिलार्ड यांनी त्या मुलाला रागे न भरता पक्ष्याचे नाव सांगितले व संग्रहातील इतर पक्षी दाखविले, आणि त्या भेटीतून भारताला आपला सर्वांत मोठा पक्षिनिरीक्षक मिळाला. तो काळ निराळा होता. त्यावेळी रानात पक्षी विपुल होते व अभ्यासाचेही साधन बंदूकच होते. आज ती अवस्था नाही, याची जाणीव अरुणाचल प्रदेशासारख्या शिकारीची परंपरा असलेल्या प्रांतालाही झाली, आणि २०२१ साली तेथे लोकांनी आपल्या एअरगन स्वखुशीने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. मुलाच्या हाती आज बंदूक द्यावयाची असेल, तर तिच्याबरोबर कागदाचे लक्ष्य द्यावे, आणि पक्ष्यांसाठी दुर्बीण निराळी द्यावी.

घरच्या चांदमारीची मांडणी सोपी आहे. लक्ष्यामागे भिंत असावी आणि भिंतीपुढे चिंध्या वा जुन्या वह्या ठासून भरलेली जाड लाकडी पेटी, किंवा छर्रा खाली वळविणारा तिरका पोलादी पत्रा असलेला पिंजरा असावा. नुसत्या विटेवर, दगडावर किंवा पाण्यावर झाडलेला छर्रा उलटून येतो. प्रत्येकाच्या डोळ्यांवर चष्मा असावा, मागून ये-जा होणारे दार बंद असावे, आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीवाचून एकही बार होऊ नये. खेळ संपल्यावर बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत व छर्रे दुसरीकडे ठेवावेत. पावसाळ्यात नळीच्या बाहेरील अंगास तेलाचे बोट फिरवून गंज आवरावा, पण दट्ट्याच्या घरात तेल मुळीच सोडू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेऊन बंदुकीला इजा करते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मोटारीत बंद करून ठेवलेल्या बंदुकीची वेष्टणे लौकर खराब होतात, हेही ध्यानात असावे.

खरेदीचा क्रम मी असा सुचवीन. प्रथम मुलाला एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या रेंजवर नेऊन तेथील बंदुकीने काही आठवडे नेम धरू द्यावा. हौस टिकली तर दहा-बारा जुलांची, घट्ट नळीची, चांगल्या चापाची देशी बंदूक पक्क्या पावतीवर घ्यावी. आणि तिच्या किमतीतून वाचलेली रक्कम छर्रे, चष्मे व लक्ष्याच्या पेटीवर खर्च करावी. बागेसाठी ठरविलेला पैसा मात्र जाळी आणि सापळ्यांवरच जावा. अशा रीतीने घेतलेली बंदूक घरातल्या माणसांना संयम शिकवील, अंगणात येणाऱ्या मुक्या जिवांना तिचे भय राहणार नाही, आणि मध्यम किमतीच्या वस्तूकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण उरणार नाही.